काढलं तर चालेल?

सोमवार, ३

दवाखान्यातलं मशीन आजपासून पूर्णपणे माझं. विकत हिनेच घेतलंय, पण आत जे चालतं, ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ते मुळापासून मी उभं केलं. लोक तयार सिस्टिम आणून बसवतात. मी एकेका प्रोग्रॅमचा मूळ कोड आणला, वाचला (बराचसा), आणि घरच्या घरी कंपाइल केला, म्हणजे मशीनच्या पचनी पडेल असा करून घेतला. तयार शर्ट घेण्याऐवजी कापड आणून शिवण्यासारखं आहे हे. जेवताना मी हिला तसं सांगितलं.

"आणि शिवून होईपर्यंत मी काय उघडी फिरू?" ही म्हणाली.

ही दातांची डॉक्टर. दवाखाना खाली, घर वर. मी पूर्वी एका मोठ्या कचेरीत मशीनं सांभाळायचो. मग कचेरीने तयार सिस्टिम आणली आणि माझं टेबल गेलं. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि "तुमच्याशिवाय कसं होणार" असं सगळे म्हणाले. नंतर एकदाही कुणाचा फोन आला नाही, म्हणजे झालं असावं. तेव्हापासून दवाखान्याचं मशीन मी बघतो. मनापासून बघतो, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही.

बुधवार, ५

प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. कुठलं पॅकेज बसवायचं, कुठलं काढायचं, कुणाला कुणाची गरज आहे, हे बघायला मी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिलाय. त्याचं नाव 'कारभारी'.

"म्हणजे आता घरात दोन कारभारी," ही म्हणाली. "काम कुठला करतो?"

कारभारी नम्र आहे. इतर सिस्टिमी खेकसतात, हा विचारतो. नवीन आलं की, "बसवलं तर चालेल?" नको असलेलं दिसलं की, "काढलं तर चालेल?" उत्तरं दोनच: 'चालेल' किंवा 'नाही चालणार'. 'हो', 'हं', 'बघू', 'तुम्ही म्हणाल तसं' ही उत्तरं तो घेत नाही, कारण त्यातून आपल्याकडे कुणालाच काही कळत नाही. 'नाही चालणार' हे उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. एवढं सुरळीत चाललंय.

आज खुर्चीचंही पॅकेज नीट झालं. पेशंटच्या खुर्चीचं पायातलं पेडल कधीचं मेलं होतं आणि कंपनी म्हणाली, ही खुर्ची आता भंगारात द्या. मी ती मशीनला जोडली. आता स्वागतकक्षातल्या कीबोर्डचे बाण दाबले की खुर्ची वरखाली होते. पहिल्या प्रयत्नात नुसतीच थरथरली, म्हणून या पॅकेजचं नाव 'खुर्ची-२'. खुर्ची सरकन वर गेली तेव्हा ही हसली आणि म्हणाली, "वा!" तो 'वा' मला दिवसभर पुरला.

शनिवार, ८

बिलावर जोडाक्षरं तुटतात. 'दंतवैद्य' छापलं की 'य' लांब जाऊन पडतो. एका गृहस्थांनी विचारलं, हा य कोण?

साधं काम आहे. छपाईचं पॅकेज अपग्रेड करायचं, म्हणजे नवी आवृत्ती घ्यायची. त्याला अक्षरांचं नवं पॅकेज लागतं. अक्षरांना चित्रांचं लागतं. चित्रांचं पॅकेज म्हणतं, तुमचा कंपाइलर, म्हणजे कंपाइल करणारा प्रोग्रॅम, जुना आहे. आणि नवा कंपाइलर कंपाइल करायचा तर त्यालाही कंपाइलर लागतो.

स्वागतकक्षात बसणाऱ्या बाईंना आम्ही टोकनताई म्हणतो. दवाखान्यातल्या कुठल्याही वस्तूवर नंबर घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सर, पहिला कंपाइलर कुणी कंपाइल केला?"

मी म्हटलं, तुम्ही पुढचं टोकन द्या.

थोडक्यात, एका 'य'साठी पूर्ण सिस्टिम नव्याने शिवायला घेतलीय.

सोमवार, १०

कंपाइल करताना मशीन तापतं आणि पंखा जोरात फिरतो. आज बाहेर बसलेल्या पेशंटांना तो आवाज ड्रिलचा वाटला. तो काही केल्या थांबेना, तेव्हा एक बाई उठून गेल्या. मग त्यांच्या शेजारचे. मग एक पूर्ण कुटुंब, ज्यातल्या आजोबांना दातच नव्हते, ते नुसते सोबत आले होते.

ही आतून बाहेर आली तर खोली रिकामी. आत कुणाच्याही तोंडात ड्रिल नव्हतं, ही चहा पीत होती.

"हे काय?"

"अपग्रेड," मी म्हटलं.

गुरुवार, १३

टोकनताईंनी फोन केला असावा, कारण माझा धाकटा मेहुणा आला. हा दवाखान्यांना तयार सिस्टिमी विकतो. सोबत पांढरा डबा होता, पावाच्या लादीएवढा. म्हणाला, "भावजी, एक बटण दाबायचं. बिलं, अपॉइंटमेंट, एक्स-रे, सगळं आत आहे."

"आत काय आहे ते तू बघितलंस का?"

"कशाला बघू? चालतंय ना?"

याला काय बोलणार? मी त्याला विचारलं की शर्ट कुणी शिवलाय हे तुला ठाऊक नाही आणि तू तो अंगात घालतोस? तो म्हणाला, हो. मग त्याने स्वतःच्या शर्टाकडे बघितलं आणि परत म्हणाला, हो.

ही हात पुसत ऐकत होती. म्हणाली, "मला भांडणं नकोत. ज्या दिवशी तुझ्या मशीनपायी एकही पेशंट दात तसाच घेऊन परत गेला, त्या दिवशी मशीन माळ्यावर. डबा इथे."

मी म्हटलं, सोमवारचे गेलेच की. ही म्हणाली, ते घाबरून गेले, ते धरत नाही. ही न्यायी आहे.

पण मशीन माळ्यावर गेलं तर मी दवाखान्यात काय करायचं, हे कुणी बोललं नाही. मेहुण्याने तेवढ्यात चहाचा कप उचलला आणि मीही विचारलं नाही. मला भीती वाटली, हे खरं. एका टेबलावरून उठलेला माणूस मी. दुसऱ्यांदा उठायची ताकद माझ्यात आहे की नाही, कुणास ठाऊक.

शनिवार, १५

कारभाऱ्याला नवीन काम शिकवलं. ज्या पॅकेजवर दुसरं कुठलंही पॅकेज अवलंबून नाही त्याला 'अनाथ' म्हणायचं आणि काढायची परवानगी मागायची. उगाच अडगळ नको.

विचार चांगला होता म्हणून घरातही करून बघितला. माळ्यावरच्या बिनझाकणाच्या बरण्या: अनाथ. दोन किल्ल्या, ज्यांची कुलपं नाहीत: अनाथ. शयनगृहातल्या कपाटाखाली एक लाकडी पाचर सापडली, कोण जाणे कुणी कधी सरकवली. तिच्यावर काहीच अवलंबून दिसेना.

मी काहीही परस्पर करत नाही. दरवेळी खाली जाऊन हिला विचारलं. "बरण्या काढल्या तर चालेल?" ड्रिल चालू होतं, ही पेशंटच्या तोंडात वाकलेली. "चालेल." किल्ल्या? "चालेल." पाचर? "चालेल." मी म्हटलं, संध्याकाळी लवकर बंद करायचं का? "चालेल." पण संध्याकाळी नेहमीच्याच वेळी बंद केलं, विसरली असेल.

एका शब्दाने ही आडवी येत नाही. इतका विश्वास किती नवऱ्यांच्या वाट्याला येतो?

रविवार, १६

कपाटाचं दार निखळून पडलं. पाचरेचा संबंध असेलच असं नाही.

मंगळवार, १८

सविस्तर लिहितो, कारण माझी बाजू कुठेतरी लिहिलेली असावी.

सकाळी ही म्हणाली, आधी ते दार बसव, दोन दिवस साड्या उघड्यावर आहेत. म्हणून मी वर. खाली कंपाइलरचं शेवटचं काम चालू होतं आणि कारभारी अनाथ शोधत होता. टोकनताईंना सांगून गेलो, काही विचारलं तर मॅडमना विचारा आणि लिहा.

आतल्या खुर्चीत पंच होते. हे फुटबॉलचे निवृत्त पंच, गळ्यात अजून शिट्टी. दाढ काढायची होती. भूल दिलेली होती आणि खुर्ची वर जात होती. तेवढ्यात पडद्यावर आलं, "खुर्ची-२ काढलं तर चालेल?"

मशीनच्या आत खुर्ची-२ वर कुठलंच पॅकेज अवलंबून नव्हतं, हे बरोबर आहे. अवलंबून होते ते पंच, आणि ते मशीनच्या आत नव्हते. हे मला आधी सुचायला हवं होतं.

बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्यांवर टोकनताईंनीच नंबर घातलेत. दोन नंबरची खुर्ची डुगडुगते. त्यांनी आत डोकावून विचारलं, "मॅडम, दोन नंबरची खुर्ची काढली तर चालेल?" ही सुई ठेवत म्हणाली, "चालेल, तशीही कुणी बसत नाही." टोकनताईंनी मशीनवर 'चालेल' लिहिलं आणि शंका नको म्हणून बाहेरची खुर्चीही उचलून मोरीत नेऊन ठेवली.

खुर्चीला थांब म्हणणारं आता कुणीच उरलं नाही. ती जमेल तेवढी वर गेली, मग जमेल तेवढी मागे कलली. मी शिट्टी ऐकून धावत खाली आलो तर पंचांचे बूट छताजवळ आणि डोकं खाली.

मी बाण दाबले. काही नाही. खुर्ची-२ चा कोड माझ्याकडे होताच, कंपाइल केला की झालं. पण कंपाइलर स्वतःच अर्धा कंपाइल झालेला. त्याचं होईपर्यंत थांबणं भाग होतं.

"यांना उतरवून घे," ही म्हणाली. "दुसऱ्या दिवशी बोलावू."

दुसऱ्या दिवशी! म्हणजे पेशंट परत. पण पंचांनीच हात वर केला, म्हणजे त्यांच्या परिस्थितीत खाली केला. "मी मैदान अर्ध्यावर सोडत नाही," ते म्हणाले. भूल अजून पुरती चढली नव्हती, शब्द कळत होते. "पावसात सोडलं नाही, लोकांनी बाटल्या फेकल्या तेव्हा सोडलं नाही. खेळ चालू ठेवा."

त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण गळा कुठल्या बाजूला आहे ते चटकन लक्षात येईना.

हिने स्वयंपाकघरातलं स्टूल मागवलं. त्यावर चढली, टोकनताईंनी स्टूल धरलं, मी दिवा धरला आणि हिने उलट्या टांगलेल्या माणसाची दाढ काढली. एका झटक्यात. इतकी वर्षं लग्न होऊन हिला काम करताना एवढ्या जवळून मी कधी बघितलंच नव्हतं. हात जरासुद्धा हलला नाही. मला हिचा फार अभिमान वाटला आणि त्याच वेळी स्वतःची फार लाज वाटली, दिवा धरून दोन्ही वाटत राहिलं.

मेहुणा कधी आला कळलं नाही. म्हणाला, "भावजी, आता तरी माना."

"का मानू? अट काय होती? पेशंट परत जाता कामा नये. गेला का?"

"जाईल कसा? अडकलाय!"

"म्हणजे नाही गेला."

"अहो, माणूस उलटा लटकतोय!"

"दात तर निघाला ना?"

शेवटी दोघांनीही पंचांकडे बघितलं. शेवटी ते पंच आहेत. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, हे मशीन चालेल की जाईल? त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला. मग कापसाचा बोळा एका गालात सरकवून, एक बोट उचलून, स्पष्टपणे म्हणाले, "आएल."

मेहुणा ओरडला, "ऐकलंत? जाईल!"

"चालेल म्हणाले ते!"

टोकनताईंना ऐकू आलं होतं 'येईल', आणि त्या बाहेर जाऊन कोण येतंय ते बघून आल्या.

आम्ही पुन्हा विचारलं. "आएल," पंच म्हणाले, जरा चिडून. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, पण भुलीमुळे ओठ बंद होईनात, नुसतीच हवा गेली.

दुपारपर्यंत कंपाइलर तयार झाला, मग खुर्ची-२, आणि पंच हळूहळू खाली आले. तोपर्यंत ही वर निघून गेली होती. मी मागोमाग गेलो. कपाटाचं दार मी मघाशी भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्याच्याकडे बघत पलंगावर बसली होती.

"चालेल म्हणाले ते," मी सांगितलं.

"मी फार दमलेय रे," ही म्हणाली.

बुधवार, १९

सकाळी मीच मेहुण्याला फोन केला. निकाल संशयास्पद असला तर फायदा समोरच्याला द्यावा. आणि हिचं ते दमलेलं तोंड मला परत बघायचं नव्हतं.

डबा आला. खुर्चीला नवीन पेडलही त्यानेच कुठूनतरी पैदा केलं. एक बटण दाबलं आणि सगळं सुरू झालं. 'दंतवैद्य'मधला 'य' जागच्या जागी. मी तो बराच वेळ बघत उभा होतो.

मशीन उचलण्याआधी रीतसर आत जाऊन विचारलं. "मशीन माळ्यावर टाकलं तर चालेल?"

ड्रिल चालू होतं. "चालेल."

शनिवार, २२

डबा चालतोय. पंखा नाही, आवाज नाही. लोक बाहेर निवांत बसतात. टोकनताईंनी मोरीतली खुर्ची परत आणून तिला नवा नंबर दिला.

कपाटाचं दार बसवलं. पाचरही परत सरकवली.

मंगळवार, २५

काही नाही.

गुरुवार, २७

सवयीने खाली गेलो. डब्याकडे बघितलं, त्यावर एक हिरवा दिवा आहे. पुसला. टोकनताई म्हणाल्या, "सर, मी सकाळीच पुसला."

वर येऊन बसलो. कचेरीत मिळालेलं घड्याळ समोर आहे. मी मनातल्या मनात कारभाऱ्यासारखं बघायला लागलो. खालच्या दवाखान्यात माझ्यावर काय अवलंबून आहे? बिलं नाहीत. खुर्ची नाही. दिवासुद्धा नाही. नियम मीच लिहिलाय आणि तो सगळ्यांना सारखा हवा. अशा वेळी परस्पर काही करायचं नसतं, विचारायचं असतं. आणि उत्तर काय येणार ते मला माहीत होतं. आजवर दुसरं आलेलंच नाही.

शुक्रवार, २८

दुपारी खाली गेलो. खुर्चीत पंच होते, दाढेची जागा दाखवायला आलेले. खुर्ची सरळ. शेजारच्या दातात काहीतरी निघालं होतं, ड्रिल चालू होतं, ही वाकलेली. मी दारातच उभा राहिलो. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"उद्यापासून मी खाली आलो नाही तर चालेल?"

"चाले..." ही म्हणाली. आणि ड्रिल थांबलं.

हिने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "काय म्हणालास?"

मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणणं फार जड गेलं. पंचांनीसुद्धा मान वळवून बघितलं.

"नाही चालणार," ही म्हणाली.

मी म्हटलं, "पण माझ्यावर काहीच अवलंबून नाही. मी तपासलंय."

"तुझा तो कारभारी गाढव आहे," ही म्हणाली. "अरे, दिवसभर मी कुणाशी बोलते? सगळे आ वासून पडलेले. मी विचारते, दुखतंय का, ते म्हणतात 'आ'. मी विचारते, मुलं कशी आहेत, 'आ'. दिवसातून दहादा दारात येऊन मला काहीतरी विचारणारा माणूस एकच. बरण्या काय, पाचर काय. आठवडाभर झाला, कुणी काही विचारायला आलं नाही. तो डबा तर तोंडातून शब्द काढत नाही."

"पण तू ऐकायचीस का? सगळ्याला 'चालेल' म्हणायचीस."

"ऐकत नव्हते," ही म्हणाली. "पण आवाज यायचा ना तुझा."

पंचांनी तोंडात आरसा तसाच ठेवून एक बोट वर केलं. "आएल," ते म्हणाले, आणि या वेळी कुणीच अर्थ विचारला नाही.

ही परत मास्क चढवत म्हणाली, "उद्या वेळेवर खाली ये. आणि ते मशीनही आण. डबा राहू दे, पण त्याच्या शेजारी ठेव. लागला आवाज तर लागू दे."

मग मी माळ्यावर चढलो आणि मशीन जरा पुसून घेतलं. उद्या न्यायचं तर एकदा चालू करून बघावं म्हणून जोडलं. कारभारी उठला, आणि मागच्या वेळचा प्रश्न अर्धवट राहिला होता तो त्याने परत विचारला. कुठलंसं एक अनाथ पॅकेज, काढलं तर चालेल?

मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, 'नाही चालणार'.

काहीच झालं नाही. पडदा तसाच. कोड उघडून बघितला तेव्हा कळलं. हे उत्तर आलं तर पुढे काय करायचं, ते मी लिहिलेलंच नाही. कधी कुणी देईल असं वाटलंच नव्हतं. उद्या सकाळी आधी ते लिहायला घेतो. हिला विचारून.